प्लेऑफचा अंदाज आणि सट्ट्याचे व्यसन: छंद कुठे संपतो आणि आजार कुठे सुरू होतो?

आयपीएलचे साखळी सामने संपत आले की गावागावांत एकच चर्चा रंगते: पहिल्या चारांत कोण येणार, क्वालिफायर कोण जिंकणार, कप कोण नेणार? बाभुळगावची चहाटपरी असो की यवतमाळचे कॉलेज, प्रत्येकाकडे स्वतःचे गणित तयार असते. यात गैर काहीच नाही. मात्र या अंदाजावर पैसे लागू लागले, ते वाढत गेले आणि घरापासून लपवले जाऊ लागले, तर तो छंद राहत नाही. ते जुगाराचे व्यसन असू शकते. या आजाराचे निदान होते आणि त्यावर उपचारही आहेत.

हा लेख सट्टा लावणाऱ्या व्यक्तीसाठी आहे, आणि तितकाच तिच्या आई-वडिलांसाठी, पत्नीसाठी व भावंडांसाठीही आहे.

थोडक्यात महत्त्वाचे

• सामन्याचा अंदाज बांधणे हा आजार नाही. पैसे लावण्यावरचा ताबा सुटणे हा आजार आहे.
• अंदाज बरोबर येणे हे बहुतेक वेळा कौशल्याचे नव्हे, योगायोगाचे लक्षण असते.
• गेलेले पैसे परत मिळवण्यासाठी पुन्हा पैसे लावणे हे या आजाराचे सर्वांत ठळक लक्षण आहे.
• कर्ज आणि लाज यांमुळे या रुग्णांमध्ये आत्महत्येचा धोका वाढतो. तसे बोलणे कधीही हलक्यात घेऊ नका.
• टेलि-मानस या शासकीय हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६ आहे. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येते.

अंदाज इतका खात्रीचा का वाटतो?

२०११ पासून आयपीएलच्या प्लेऑफची रचना चार सामन्यांची आहे: क्वालिफायर एक, एलिमिनेटर, क्वालिफायर दोन आणि अंतिम सामना. समजा, सोळा मित्रांनी प्रत्येक सामन्याआधी फक्त नाणे उडवून विजेता सांगितला. चारही उत्तरे बरोबर येण्याची शक्यता सोळात एक आहे. म्हणजे सोळा जणांत सरासरी एकाचे चारही अंदाज निव्वळ योगायोगाने खरे ठरतील. पण तो स्वतःला नशीबवान म्हणणार नाही. तो म्हणेल, ‘मला खेळ समजतो.’ आणि पुढच्या वर्षी बाकीचे पंधरा जण त्याला विचारून पैसे लावतील.

आता खरोखरच खेळाची जाण असलेला माणूस घेऊ. त्याचा प्रत्येक अंदाज शंभरातून साठ वेळा बरोबर येतो असे धरा. ही फार चांगली कामगिरी झाली. तरीही चारही सामने बरोबर सांगण्याची त्याची शक्यता सुमारे १३ टक्केच राहते. आठ हंगामांतून साधारण एकदाच त्याला ते जमेल.

टी-ट्वेंटीमध्ये एका षटकात सामना फिरतो. २०१७ आणि २०१९ या दोन्ही वर्षांचे अंतिम सामने मुंबई इंडियन्सने अवघ्या एका धावेने जिंकले. २०२३ चा अंतिम सामना शेवटच्या दोन चेंडूंवर रवींद्र जडेजाच्या षटकाराने आणि चौकाराने ठरला. २०२४ मध्ये बंगळुरू पहिल्या आठपैकी सात सामने हरले होते. त्यानंतर सलग सहा जिंकून ते प्लेऑफमध्ये पोहोचले आणि एलिमिनेटरमध्ये बाद झाले. २७ मे २०२५ रोजी लखनौविरुद्ध २२८ धावांचा पाठलाग करताना अमरावतीच्या जितेश शर्माने ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा काढल्या आणि बंगळुरूला पहिल्या दोन संघांत नेले. विदर्भातल्या कित्येकांना सामन्यानंतर वाटले असेल की ‘मला हे आधीच माहीत होते.’ निकाल लागल्यावर तो आधीच ठाऊक होता असे वाटणे ही मेंदूची जुनी सवय आहे. बरोबर आलेले अंदाज आपल्या लक्षात राहतात आणि चुकलेले आपण विसरतो. म्हणून स्वतःचा हिशेब प्रत्येकाला खऱ्यापेक्षा चांगला दिसतो.

मेंदू आणखी तीन ठिकाणी फसतो:

• ‘आता तरी यायलाच हवे’ हा समज. सलग पाच वेळा हरलो म्हणून सहावा डाव आपला असे वाटते. १८ ऑगस्ट १९१३ रोजी मोंटे कार्लोच्या जुगारगृहात चक्रावर सलग २६ वेळा काळा रंग आला. ‘आता लाल येणारच’ म्हणत लोक पैसे लावत राहिले आणि हरत राहिले. चक्राला आधीचे निकाल आठवत नसतात. तुमचा आधीचा तोटाही पुढच्या सामन्याला ठाऊक नसतो.

• ताब्याचा भ्रम. खेळपट्टी, दव, नाणेफेक, खेळाडूंचा फॉर्म यांचा अभ्यास केला की निकालावर आपला ताबा आहे असे वाटू लागते. माहिती वाढते तसा आत्मविश्वास वाढतो, पण अचूकता त्या मानाने फारच थोडी वाढते.

• ‘थोडक्यात हुकले.’ एका धावेने हरलेली पैज मेंदूला हार वाटत नाही, ‘जवळजवळ जिंकलो’ असे वाटते. मेंदूच्या चित्रणांच्या अभ्यासात दिसले आहे की थोडक्यात हुकल्यावर मेंदूतील बक्षिसाशी संबंधित भाग जिंकल्यासारखेच उत्तेजित होतात. त्यामुळे पराभवानंतर थांबण्याऐवजी पुन्हा खेळावेसे वाटते.

‘पक्की टिप’ देणारे खरे ठरतात ते कसे?

मोबाइलवरच्या अनेक ग्रुपमध्ये ‘शंभर टक्के पक्की टिप’ विकली जाते. तिच्यामागची एक जुनी युक्ती प्रत्येक कुटुंबाने समजून घ्यावी. फसवणारा १,०२४ जणांना संदेश पाठवतो. अर्ध्यांना सांगतो की अमुक संघ जिंकणार, उरलेल्या अर्ध्यांना दुसऱ्या संघाचे नाव सांगतो. सामना झाल्यावर ज्यांना चुकीचे नाव गेले त्यांना तो सोडून देतो. उरतात ५१२. त्यांच्यावर पुन्हा तोच प्रयोग होतो. दुसऱ्या सामन्यानंतर २५६, तिसऱ्यानंतर १२८ आणि चौथ्यानंतर ६४ जण उरतात. या ६४ जणांच्या दृष्टीने त्या माणसाचे सलग चार अंदाज खरे ठरलेले असतात. पाचव्या टिपेसाठी तो पैसे मागतो आणि ते आनंदाने देतात. उरलेल्या ९६० जणांची गोष्ट त्यांना कधीच कळत नाही.

गणित नेहमी घेणाऱ्याच्या बाजूचे असते

समजा, बरोबरीच्या सामन्यात १०० रुपये लावले तर जिंकल्यावर ९० मिळतात आणि हरल्यावर १०० जातात. नुसते बरोबरीत राहायचे तर शंभरातले जवळजवळ ५३ अंदाज बरोबर यावे लागतात. त्याहून कमी आले तर हळूहळू का होईना, पैसे जातच राहतात.

पण घरे या हळूहळू जाणाऱ्या पैशांनी बुडत नाहीत. ती ‘डबल करून काढू’ या विचाराने बुडतात. पाचशे हरले की हजार, मग दोन हजार, चार हजार, आठ हजार, सोळा हजार. सलग सहा वेळा हरले की ३१,५०० रुपये गेलेले असतात आणि ते काढण्यासाठी सातव्या वेळी ३२,००० लावावे लागतात. सलग सहा वेळा कोण हरतो, असे वाटेल. आयपीएलच्या हंगामात ७४ सामने असतात. प्रत्येक सामना नाणेफेकीसारखा धरला, तर हंगामात एकदा तरी सलग सहा वेळा हरण्याची शक्यता सुमारे चाळीस टक्के निघते. म्हणजे ही दुर्मिळ आपत्ती नाही. दहातल्या चौघांवर ती येईल.

हा आजार आहे की वाईट सवय?

अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये आपल्या निदानग्रंथात जुगाराच्या विकाराला दारू आणि इतर अमली पदार्थांच्या व्यसनांच्या गटात ठेवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणातही तो व्यसनाधीन वर्तनांमध्ये येतो. कारण दोन्हींत मेंदूची यंत्रणा बरीचशी सारखी असते.

आपल्या मेंदूत डोपामिन नावाचे रसायन असते. बक्षीस मिळण्याची चाहूल लागली की ते वाढते. बक्षीस मिळेल की नाही हे अनिश्चित असते तेव्हा ही यंत्रणा अधिकच सतर्क राहते. सामन्यात दर चेंडूला अशी अनिश्चितता असते. मोबाइलवर तर केवळ सामन्याच्या निकालावर नव्हे, पुढच्या षटकात किती धावा होतील यावरही पैसे लावता येतात. जितक्या लवकर निकाल आणि जितक्या लवकर पुढची पैज, तितका व्यसनाचा धोका जास्त. काही काळाने पूर्वीच्या रकमेत मजा येत नाही आणि रक्कम वाढते. न खेळल्यास चिडचिड, बेचैनी, झोप न येणे असे त्रास सुरू होतात. दारू सोडताना होतो तसाच हा प्रकार आहे, फक्त तोंडाला वास येत नाही. म्हणूनच घरच्यांना फार उशिरा कळते.

लक्षणे कशी ओळखाल?

सुरुवातीला स्वतःला दोनच प्रश्न विचारा:

१. पूर्वीपेक्षा अधिकाधिक पैसे लावण्याची गरज तुम्हाला कधी वाटली आहे का?
२. किती पैसे लावता याबद्दल जवळच्या माणसांशी कधी खोटे बोलावे लागले आहे का?

यांपैकी एकाचेही उत्तर ‘हो’ असेल तर नीट तपासणी करून घ्यावी. डॉक्टर पुढील गोष्टी विचारतात. गेल्या बारा महिन्यांत यांतील चार किंवा अधिक गोष्टी असतील तर निदान पक्के होण्याची शक्यता असते:

• तीच मजा येण्यासाठी रक्कम वाढवावी लागणे
• कमी करायचा किंवा बंद करायचा प्रयत्न केल्यास बेचैनी, चिडचिड
• थांबण्याचे प्रयत्न पुन्हा पुन्हा फसणे
• मनात सतत सट्ट्याचाच विचार, पैसे कुठून आणायचे याचीच आखणी
• मन खिन्न, घाबरे किंवा अपराधी असताना सट्टा लावणे
• हरलेले पैसे काढण्यासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा लावणे
• लपवाछपवी आणि खोटे बोलणे
• नाते, नोकरी, शिक्षण किंवा शेतीचे काम धोक्यात येणे
• भागवण्यासाठी इतरांकडून पैसे मागावे लागणे

घरच्यांना बाहेरून दिसणाऱ्या खुणा वेगळ्या असतात. मोबाइल सतत उलटा ठेवलेला, रात्री उशिरापर्यंत जाग, खात्यातून छोट्या छोट्या रकमा वारंवार जाणे, दागिना किंवा मोटारसायकल ‘मित्राकडे दिली’ असे सांगणे, अनोळखी लोकांचे फोन, सामना संपल्यावर एकदम गप्प होणे किंवा एकदम उधळेपणा. एकेकटी खूण काही सिद्ध करत नाही. तीन-चार एकत्र दिसल्या तर बोलायला हवे.

कोणाला धोका जास्त?

तरुण पुरुष, कमी वयात पैजा सुरू केलेले, घरात व्यसनाचा इतिहास असलेले, दारू पिणारे, तसेच नैराश्य, चिंता किंवा अतिचंचलतेचा विकार असलेले यांना धोका अधिक असतो. सुरुवातीलाच एखादी मोठी रक्कम जिंकणे हाही धोकाच आहे, कारण मेंदू तो दिवस विसरत नाही.

दोन वैद्यकीय कारणे अनेकांना माहीत नसतात:

• काही औषधे. कंपवातासाठी दिली जाणारी प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोल, तसेच काही मानसिक आजारांत दिले जाणारे अ‍ॅरिपिप्राझोल यांमुळे काही रुग्णांना जुगार किंवा खरेदीची अनावर ओढ लागू शकते. वडिलांचे कंपवाताचे औषध सुरू झाल्यावर किंवा डोस वाढल्यावर ते अचानक पैसे लावू लागले, तर लगेच डॉक्टरांना सांगा. औषध स्वतःहून बंद करू नका. डोस बदलून किंवा औषध बदलून हा त्रास बहुधा कमी होतो.

• उन्मादाचा झटका. द्विध्रुवीय विकारात मन अतिउत्साही होते, झोप फार कमी लागते, बोलणे वाढते आणि पैसा पाण्यासारखा उधळला जातो. अशा वेळी सट्टा हे मूळ आजाराचे केवळ एक लक्षण असते आणि उपचार त्या आजारावर करावा लागतो.

आपल्या भागात मे महिना नाजूक का?

बाभुळगाव तालुका कापूस, सोयाबीन आणि तुरीचा आहे. खरिपाच्या तयारीचा काळ आणि प्लेऑफचा काळ जवळजवळ एकच. मृग नक्षत्र ७ जूनच्या सुमारास लागते. त्याआधी बियाणे आणि खतांसाठी घरात पैसा जमवलेला असतो. कुणी पीककर्ज घेतलेले असते, कुणी उसनवारी केलेली असते. म्हणजे वर्षातला सर्वांत महत्त्वाचा पैसा हातात असतो आणि त्याच पंधरवड्यात सर्वांत जास्त मोह समोर असतो. दोन सामन्यांत बियाण्याचे पैसे गेले की ते पेरणीच्या आत भरून काढण्याची घाई होते. त्या घाईतच मोठी पैज लागते, खासगी सावकाराची पायरी चढली जाते किंवा मोबाइलवरचे झटपट कर्ज घेतले जाते.

म्हणून घरात आजार नसला तरी एक साधी खबरदारी घ्या. पेरणीचा पैसा मे महिन्याच्या सुरुवातीलाच वेगळ्या खात्यात ठेवा आणि शक्य झाल्यास बियाणे-खते लवकर घेऊन टाका. ज्या खात्याला मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सोय जोडलेली आहे, त्यात रोजच्या खर्चापुरतेच पैसे असू द्या.

कुटुंबाने काय करावे?

बोलण्याची वेळ निवडा. सामना सुरू असताना, तो दारू प्यायलेला असताना किंवा पाहुण्यांसमोर हा विषय काढू नका. सकाळी, दोघेच असताना बोला. सुरुवात आकड्यापासून करू नका. ‘किती घालवलेस?’ या प्रश्नाला बहुतेक वेळा खोटे उत्तर मिळते. त्याऐवजी आई म्हणू शकते, ‘बाळा, महिनाभर तुला नीट झोप नाही, जेवण नाही. पैशाचं आपण नंतर बघू. आधी तू कसा आहेस ते सांग.’ खरा आकडा हळूहळू, तीन-चार वेळच्या बोलण्यातून बाहेर येतो. पहिल्यांदा सांगितलेली रक्कम पूर्ण नसेल हे धरून चाला आणि नंतर वाढीव आकडा कळल्यावर ‘फसवलंस’ म्हणून सगळे बोलणे तोडू नका.

पैशाची व्यवस्था बदला. काही महिन्यांसाठी खाते, कार्ड आणि मोबाइलवरून पैसे देण्याची सोय घरातल्या विश्वासू माणसाकडे द्यावी. बँकेत जाऊन रोजच्या व्यवहाराची मर्यादा कमी करून घ्यावी. सातबारा, दागिने आणि गाडीची कागदपत्रे सुरक्षित ठेवावीत. हे शिक्षा म्हणून नव्हे, तर मोडलेल्या हाताला प्लास्टर घालतात तसे. रुग्णाच्या संमतीने आणि किती दिवसांसाठी ते ठरवून करावे.

कर्ज एकदम फेडून टाकू नका. ही चूक बहुतेक आई-वडील प्रेमापोटी करतात. जमीन विकून किंवा गहाण ठेवून मुलाचे सगळे कर्ज भरले, आणि उपचार झाले नाहीत, तर मेंदूला एकच धडा मिळतो: हरलो तरी कुणीतरी वाचवते. आधी सर्व देण्यांची यादी कागदावर करा. मग उपचार सुरू करा. त्यानंतर फेड टप्प्याटप्प्याने आणि रक्कम रुग्णाच्या हातात न देता थेट देणेकऱ्याला करा.

शपथ आणि मारहाण टाळा. देवासमोर घेतलेली शपथ मोडली की अपराधीपणा वाढतो आणि तो विसरण्यासाठी पुन्हा सट्टा लावला जातो. ‘लग्न लावून द्या, सुधारेल’ हा सल्लाही मानू नका. त्याने आजार जात नाही. एका मुलीचे आयुष्य मात्र त्यात ओढले जाते.

पत्नीने स्वतःची काळजी घ्यावी. कोऱ्या कागदावर किंवा कर्जाच्या कागदावर न वाचता सही करू नये. तिचे बचतगटाचे पैसे आणि स्त्रीधन वेगळे ठेवावे. घरात मारहाण होत असेल तर मदत मागणे म्हणजे नवऱ्याशी वैर नव्हे. महिला हेल्पलाइनचा क्रमांक १८१ आहे.

उपचार कसे होतात?

बोधात्मक वर्तनोपचार ही या आजारावरची सर्वाधिक अभ्यासलेली उपचारपद्धत आहे. यात समुपदेशक रुग्णासोबत तीन कामे करतो. पहिले, ओढ केव्हा लागते ते शोधणे: ठरावीक मित्र, पगाराचा दिवस, भांडण, रात्रीचा एकांत. दुसरे, ‘आता यायलाच हवे’ यासारखे चुकीचे समज कागदावर मांडून तपासणे. गेल्या हंगामातले सर्व अंदाज लिहून बरोबर-चूक मोजले, तरी अनेकांचे डोळे उघडतात. तिसरे, ओढ लागल्यावर काय करायचे याचा सराव. ओढ लाटेसारखी असते. ती चढते आणि थोड्या वेळात ओसरते. तेवढा वेळ मोबाइल दुसऱ्याकडे देऊन बाहेर पडणे, कुणाला तरी फोन करणे, हे शिकवले जाते.

सोडायची पूर्ण तयारी नसलेल्या रुग्णालाही उपचारात आणता येते. उपदेश न करता त्याच्याच तोंडून फायदे-तोटे काढून घेणारी समुपदेशनाची पद्धत आहे. म्हणून ‘त्याला स्वतःलाच सोडायचं नाही’ म्हणून थांबू नका.

औषधांबाबत स्पष्ट सांगायचे तर जुगाराचे व्यसन घालवणारी खास गोळी नाही. दारूच्या व्यसनात वापरले जाणारे नालट्रेक्सोन काही रुग्णांमध्ये ओढ कमी करण्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ देतात. त्याआधी यकृताची तपासणी लागते. सोबत नैराश्य, चिंता किंवा दारूचे व्यसन असेल तर त्याचे उपचार एकाच वेळी करावे लागतात, नाहीतर सट्टा परत येतो.

सुरुवात जवळच्या ग्रामीण रुग्णालयातल्या किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांपासून करता येते. यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. पहिल्या भेटीला जाताना सुरू असलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या, देण्यांची यादी आणि शक्य असल्यास तीन महिन्यांचे बँक खात्याचे विवरण सोबत न्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

पुन्हा एकदा खेळला तर?

उपचारांच्या काळात घसरण होणे सामान्य आहे. त्याचा अर्थ सगळे वाया गेले असा नाही. त्या दिवशी काय घडले ते लिहा, चोवीस तासांत घरच्या एका माणसाला सांगा आणि पुढच्या भेटीची वाट न पाहता समुपदेशकाला फोन करा. घसरण लपवली जाते तेव्हाच ती मोठी होते. पुढचा आयपीएल हंगाम सुरू होण्याआधी एक भेट मुद्दाम ठरवून ठेवा.

कायदा काय सांगतो?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगसंबंधीचा कायदा मंजूर केला. पैसे लावून खेळले जाणारे ऑनलाइन खेळ चालवणे, त्यांची जाहिरात करणे आणि त्यांचे पैशांचे व्यवहार हाताळणे यांवर त्याने बंदी घातली. या कायद्यात शिक्षा चालवणाऱ्यांना आणि जाहिरात करणाऱ्यांना आहे, खेळणाऱ्याला नाही. त्यामुळे पोलिसांच्या भीतीने उपचार टाळण्याचे कारण नाही. मात्र बेकायदा संकेतस्थळे, ‘आयडी’ देणारे दलाल आणि गावातली लगवाडी-खायवाडी कायद्याने आपोआप थांबत नाही. प्रत्यक्ष सट्टा महाराष्ट्रात १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहेच.

ऑनलाइन फसवणूक झाली असल्यास १९३० या क्रमांकावर लगेच कळवा. पहिल्या काही तासांत कळवल्यास पैसे रोखले जाण्याची शक्यता जास्त असते. विनापरवाना सावकाराचा त्रास असेल तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यानुसार सहकार खात्याच्या तालुक्यातील सहायक निबंधकांकडे किंवा जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. कर्जवसुलीसाठी धमकी आली तर पोलिसांत जा. धमक्यांना घाबरून दुसरे कर्ज घेऊ नका.

पैसे न लावता नुसता सामना बघण्यात धोका आहे का?

बहुतेकांना नाही. पण हृदयविकार असलेल्यांनी थोडी काळजी घ्यावी. २००६ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी म्युनिक परिसरात झालेल्या अभ्यासात, जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी हृदयाच्या तातडीच्या तक्रारींचे प्रमाण नेहमीच्या सुमारे २.७ पट आढळले. आधीपासून हृदयविकार असलेल्यांत ही वाढ अधिक होती. म्हणून सामन्याच्या नादात रक्तदाबाची किंवा हृदयाची गोळी चुकवू नका. सामना बघताना दारू आणि तंबाखू टाळा. छातीत दाब, घाम किंवा धाप लागल्यास ‘षटक संपू दे’ म्हणून थांबू नका. १०८ ला फोन करा.

तातडीची मदत केव्हा घ्यावी?

‘माझ्यामुळे सगळे बुडाले’, ‘मी नसलो तर बरं’, ‘विम्याचे पैसे तरी मिळतील’ अशी वाक्ये, अचानक सगळ्यांचा निरोप घेतल्यासारखे बोलणे, जवळच्या वस्तू वाटून टाकणे, खूप दिवसांच्या अस्वस्थतेनंतर एकाएकी शांत होणे, या धोक्याच्या खुणा आहेत. मोठी पैज हरल्यावरचे आणि कर्ज घरी उघड झाल्यावरचे पहिले काही दिवस सर्वांत जोखमीचे असतात.

अशा वेळी सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे विचारल्याने तो विचार मनात भरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. त्या व्यक्तीला एकटे सोडू नका. फवारणीची औषधे घरातून हलवा किंवा कुलूपबंद करून किल्ली दुसऱ्याकडे द्या. टेलि-मानसला १४४१६ वर फोन करा. जिवाला लगेच धोका असेल तर ११२ किंवा १०८ ला फोन करून थेट रुग्णालयात न्या. पैशाचा हिशेब त्या रात्री करू नका. गेलेला हंगाम पुढच्या वर्षी भरून निघू शकतो, आणि कर्जावर तोडगा काढायला वेळ मिळू शकतो. त्यासाठी माणूस घरात असायला हवा.